वेल तीच, खुंट नवा : फ्लॅश मेमरीच्या ड्रायव्हरचे स्थलांतर

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या भागांत द्राक्षाची नवी बाग उभी करताना बागायतदार आधी डॉगरिज जातीचे खुंट लावतात. ते पुरेसे जोमदार झाले की त्यांवर थॉमसन सीडलेस किंवा तत्सम जातीचे कलम केले जाते. क्षारयुक्त जमीन आणि पाण्याचा ताण सोसण्याचे काम खुंटाचे. फळ मात्र कलम केलेल्या जातीचेच येते. संगणकाच्या कार्यप्रणालीतही अशी कलमे करावी लागतात. तेथे खुंट म्हणजे कर्नलमधील चौकट आणि त्यावर बांधले जाणारे कलम म्हणजे ड्रायव्हर. चौकट जुनी झाली की ड्रायव्हर तेथून उतरवून नव्या चौकटीवर बसवावा लागतो. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये, हीच त्या कामाची कसोटी असते.

हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा आहे, असे वरवर वाटेल. परंतु घरातील ब्रॉडबँडचा राउटर, चौकातील कॅमेरा, सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील यंत्रांचे नियंत्रण-फलक अशा अनेक उपकरणांच्या पोटात एक छोटा संगणक दडलेला असतो. त्यात बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते आणि हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरीची चिप असते. त्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये नसेल, तर उपकरण धडधाकट असूनही जुन्याच कर्नलवर अडकून पडते. जुन्या कर्नलमधील सुरक्षेच्या फटी बुजवण्याचे काम एका मर्यादेनंतर थांबते. लिनक्सच्या २.६.३२ या दीर्घकाळ सांभाळलेल्या आवृत्तीचा जन्म डिसेंबर २००९ मधला. तिची देखभाल २०१६ मध्ये संपली. त्याच २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्या हल्ल्याने मुख्यतः कारखान्यातून आलेल्या सोप्या परवलीच्या शब्दांचा फायदा घेतला होता. तथापि ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशी उपकरणे किती मोठ्या प्रमाणावर पसरली आहेत, हे त्या निमित्ताने सर्वांच्या लक्षात आले.

खैरातची हिरवी पाटी

या स्थलांतराचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेला एक दाखला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ च्या जानेवारीत दाव्होस येथे 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही कल्पना मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत या लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची वीसएक मुले एकाच वर्गात बसत. त्यांच्या हाती पांढऱ्या-हिरव्या रंगाचे, एक्सओ-१ या नावाचे यंत्र आले.

या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. मुलांच्या हातून पडणे, धूळ, उन्हाळा हे सारे सोसायचे तर फिरती तबकडी कामाची नव्हती. तिच्याऐवजी १ गिगाबाइटची फ्लॅश चिप होती. मध्यवर्ती प्रक्रियक एएमडी कंपनीचा, ४३३ मेगाहर्ट्झचा. मुख्य स्मृती २५६ मेगाबाइट. फ्लॅश चिप आणि प्रक्रियक यांच्यामध्ये मार्व्हेल कंपनीची 'कॅफे' नावाची आणखी एक चिप होती. 'कॅमेरा अँड फ्लॅश एनेबलर' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. कॅमेरा, एसडी कार्ड आणि फ्लॅश मेमरी या तिन्हींचा कारभार ती पाहत असे. तिचा लिनक्समधील ड्रायव्हर डेव्हिड वुडहाउस यांनी २००६ मध्ये रेड हॅट या कंपनीसाठी लिहिला. मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेल्या ओळी आणि खुद्द कार्यप्रणाली हे सारे या एका ड्रायव्हरच्या हातून चिपवर जात-येत असे. हाच ड्रायव्हर पुढे २०२० मध्ये नव्या चौकटीवर आणण्यात आला. ते का करावे लागले आणि त्यात कोणती जोखीम होती, हे समजण्यासाठी प्रथम फ्लॅश मेमरीचा स्वभाव पाहायला हवा.

पान, ब्लॉक आणि समास

फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा नॉर हा प्रकार १९८४ मध्ये आणि नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगासमोर आला. नँड प्रकारात कमी जागेत जास्त माहिती मावते, म्हणून साठवणुकीसाठी तोच रूढ झाला.

नँड चिपची रचना वहीसारखी असते. एका वेळी वाचता किंवा लिहिता येणारा भाग म्हणजे पान. एक्सओ-१ च्या काळातील चिपमध्ये असे पान बहुधा २०४८ बाइटचे असे आणि प्रत्येक पानाला ६४ बाइटचा समास जोडलेला असे. अशी ६४ पाने मिळून एक ब्लॉक होतो. लिहिताना बिट १ चा ० करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा असेल तर संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. पाटीवरील एक अक्षर खोडता येत नाही, अख्खी पाटीच पुसावी लागते, असा हा प्रकार. शिवाय पुसण्यालाही मर्यादा आहे. एका पेशीत एकच बिट साठवणाऱ्या चिपमधील ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसता येतो. पुढे तो भरवशाचा राहत नाही.

काही ब्लॉक तर कारखान्यातूनच खराब निघतात. ते टाकून देण्यापेक्षा त्यांच्या समासात खूण करून चिप विकली जाते. वापरणाऱ्याने ती खूण वाचून तो ब्लॉक वर्ज्य मानायचा असतो. ही खूण पुसली गेली तर ब्लॉक चांगला की वाईट, हे पुन्हा खात्रीने कळण्याचा मार्ग उरत नाही.

चांगल्या ब्लॉकमध्येही अधूनमधून एखादा बिट आपोआप पालटतो. त्यासाठी प्रत्येक पानाबरोबर त्रुटिसुधार संकेत लिहून ठेवतात. पानातील मजकुरावरून गणित करून काही जादा बाइट काढले जातात आणि ते समासात ठेवले जातात. वाचताना तेच गणित उलट करून चुकलेले बिट शोधले व दुरुस्त केले जातात. हे गणित कोणते, त्याचे उत्तर समासात कोठे ठेवायचे, खराब ब्लॉकांची यादी कोठे लिहायची, या गोष्टी चिप ठरवत नाही. नियंत्रक आणि त्याचा ड्रायव्हर मिळून त्या ठरवतात. स्थलांतरातील सर्वांत मोठा धोका येथेच दडलेला आहे.

नियंत्रक आणि त्याचा दुभाषा

नँड चिपशी बोलण्याची भाषा तशी थोडक्या शब्दांची आहे. आधी आज्ञेचा एक बाइट, मग पत्त्याचे काही बाइट, कधी आणखी एक आज्ञा, मग चिप तयार होण्याची प्रतीक्षा आणि शेवटी माहितीची देवघेव. पान वाचण्यासाठी अशा जुन्या चिपला सुमारे २५ मायक्रोसेकंद लागतात, लिहिण्यासाठी दोनशे-तीनशे, तर ब्लॉक पुसण्यासाठी दीड-दोन मिलिसेकंद. २००६ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन ओएनएफआय नावाचे मानक ठरवले. तेव्हापासून चिपने आपली क्षमता आणि वेग स्वतःच सांगण्याची सोय झाली.

ही संभाषणे प्रक्रियकाने एकेक बाइट पाठवून करायची म्हटले तर त्याचा सारा वेळ त्यातच जाईल. म्हणून मध्ये नियंत्रक बसवतात. काही नियंत्रक अगदी साधे असतात. सांगितलेला बाइट तारेवर टाकणे एवढेच त्यांचे काम. काही मात्र पूर्ण व्यवहार एकदम सांगा, मी तो पार पाडतो, अशा वृत्तीचे असतात. प्रत्येक कंपनीच्या नियंत्रकाच्या सवयी निराळ्या. त्या जाणून घेऊन कर्नलचे म्हणणे नियंत्रकाला समजेल अशा रीतीने सांगणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर होय.

जुन्या चौकटीची अडचण

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्समध्ये फ्लॅशसाठी एमटीडी नावाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचा पाया डेव्हिड वुडहाउस यांनी घातला. नँड चिपसाठीचा सामाईक भाग स्टीव्हन हिल यांनी २००० मध्ये लिहिला आणि २००२ पासून थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो वाढवला. त्या काळातील नियंत्रक बहुतांशी साधे असल्यामुळे चौकटही तशीच होती. सामाईक भाग ड्रायव्हरला आधी सांगे, 'ही आज्ञा, हा स्तंभ, हे पान'. नंतर वेगळ्या हाकेने सांगे, 'आता इतके बाइट वाचून दे'.

साध्या नियंत्रकाला यात काहीच अडचण नव्हती. परंतु पूर्ण व्यवहार एकदम मागणाऱ्या नियंत्रकाची पंचाईत होई. आज्ञा आली, पण पुढे किती बाइट वाचले जाणार आहेत हे ड्रायव्हरला माहीत नसे. मग तो अंदाज बांधी. चिपची ओळख विचारणारी आज्ञा असेल तर इतके बाइट, स्थिती विचारणारी असेल तर तितके, अशी कोष्टके प्रत्येक ड्रायव्हरमध्ये लिहिली गेली. कॅफेच्या ड्रायव्हरमध्येही ओळखीसाठी वाचायच्या बाइटची संख्या अशीच ठोकून दिलेली होती. पान लिहिणे आणि ब्लॉक पुसणे यांत दोन आज्ञा लागतात; त्यामुळे पहिली आज्ञा मनात धरून दुसरी येईपर्यंत थांबायचे, अशी कसरतही त्यात होती.

याचा परिणाम असा झाला, की सामाईक भागात एखादी नवी आज्ञा वापरायची म्हटली की डझनावारी ड्रायव्हर तपासणे भाग पडू लागले. ज्यांच्या कोष्टकात ती आज्ञा नाही, ते चुकीचे वागत. नव्या चिप येत राहिल्या आणि जुने अंदाज खोटे ठरत गेले. एकाचा ठोकताळा पाहून दुसऱ्याने आपला ड्रायव्हर लिहावा, अशी प्रथा पडल्याने दोषही वारशाने पुढे जात राहिले.

नवी चौकट

यावर बोरिस ब्रेझिलॉं आणि मिकेल रेनाल या विकासकांनी जी नवी चौकट तयार केली, तिला 'एक्झेक-ऑप' म्हणतात. ती २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ४.१६ मध्ये दाखल झाली. तिच्यामागील कल्पना साधी आहे. सामाईक भागाने अर्धवट सांगायचे नाही. आज्ञा, पत्ता, प्रतीक्षा, वाचन, लेखन या पाच प्रकारच्या सूचनांची पूर्ण यादी एकदम ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि किती बाइट जायचे-यायचे हेही त्यातच नमूद करायचे. ड्रायव्हरने आपला नियंत्रक कोणत्या क्रमाचे व्यवहार करू शकतो ते आधीच जाहीर करायचे. यादी मोठी असेल तर तिचे नियंत्रकाला झेपतील असे तुकडे पाडण्याचे काम चौकट करते. एखादा व्यवहार मुळातच अशक्य असेल, तर तो न करता केवळ 'हे जमेल का' एवढे विचारण्याचीही सोय आहे.

अंदाज बांधण्याची जबाबदारी ड्रायव्हरवरून निघून गेली, हा या बदलाचा गाभा होय. चिपविषयीचे ज्ञान सामाईक भागात राहिले आणि ड्रायव्हरकडे फक्त आपल्या नियंत्रकाचे ज्ञान उरले. त्याच सुमारास मार्व्हेलच्या दुसऱ्या एका जुन्या नियंत्रकाचा ड्रायव्हर पूर्णपणे नव्याने लिहिला गेला आणि नव्या चौकटीच्या पहिल्या वापरकर्त्यांत त्याची गणना झाली.

लिनक्समध्ये या बाबतीत एक नियम आणि एक प्रघात आहे. वापरकर्त्याच्या आज्ञावल्यांना कर्नलचा जो भाग दिसतो, तो मोडता कामा नये, हा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम. कर्नलच्या अंतर्गत जोडण्या मात्र कधीही बदलता येतात. त्या कायम ठेवण्याची हमी का दिली जात नाही, याचे विवेचन ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेल्या आणि कर्नलसोबतच ठेवलेल्या टिपणात आहे. बदल करणाऱ्याने मूळ संग्रहातील सर्व ड्रायव्हरही आपणच दुरुस्त करायचे, हा प्रघात. नँडच्या बाबतीत ड्रायव्हर इतके होते, की सर्व एका दमात बदलणे शक्य नव्हते. म्हणून २०१८ मध्येच जुन्या जोडण्या एका निराळ्या कप्प्यात हलवून त्यावर 'वारसा' अशा अर्थाची पाटी लावण्यात आली. नव्या ड्रायव्हरने तिकडे फिरकू नये आणि जुन्यांनी जमेल तसे बाहेर पडावे, हा त्यामागील हेतू.

कॅफेचे कलम

कॅफेचा ड्रायव्हर या कप्प्यातून २०२० मध्ये बाहेर आला. ते काम बोरिस ब्रेझिलॉं यांनी केले. तोवर एक्सओ-१ चे उत्पादन कधीच थांबले होते; त्याच्या पुढच्या नमुन्यात तर फ्लॅश चिप थेट जोडण्याऐवजी कार्डच्या रूपात आली होती आणि कॅफेद्वारे नँड चालवण्याची गरजच उरली नव्हती. तरीही कर्नलच्या संग्रहात ड्रायव्हर होता आणि तो असेपर्यंत त्याला मागे सोडणे योग्य नव्हते.

असे काम एका घावात केले जात नाही. ते लहान लहान बदलांच्या मालिकेने करतात. आधी साफसफाई, मग जुन्या जोडण्यांशेजारीच नवी जोडणी लिहिणे, ती चालू लागली की जुनी काढून टाकणे. प्रत्येक पायरीनंतर कर्नल तयार झाले पाहिजे आणि चाललेही पाहिजे. पुढे कधी दोष आढळला तर मालिकेचे अर्धे-अर्धे भाग तपासत नेमका कोणत्या पायरीवर तो शिरला, हे शोधता येते. एकच मोठा बदल केला असेल तर ती वाट बंद होते.

या प्रकारात वगळावे काय आणि जपावे काय, हा विवेक महत्त्वाचा ठरतो. बाइटच्या संख्येचे ठोकताळे वगळायचेच होते. पण कॅफेच्या काही सवयी निव्वळ अनुभवातून कळलेल्या होत्या. उदाहरणार्थ, चिपची स्थिती विचारताना पत्ता पाठवण्याची गरज मानकानुसार नसते. कॅफे मात्र पत्त्याचा एक बाइट दिल्याशिवाय कामच करत नसे. वुडहाउस यांनी ही गोष्ट ड्रायव्हरमध्ये टिपून ठेवली होती. नव्या चौकटीत लिहिणाऱ्याने 'हे अनावश्यक दिसते' म्हणून अशी ओळ खोडली असती, तर कागदावर शुद्ध दिसणारा ड्रायव्हर प्रत्यक्षात बंद पडला असता.

त्रुटिसुधाराचे गणित तर त्याहून नाजूक. कॅफे रीड-सॉलोमन पद्धत वापरते. पानातील मजकूर १२ बिटांच्या चिन्हांमध्ये वाचते आणि २०४८ बाइटच्या पानामागे १४ बाइटचा संकेत समासात ठेवते. चुकीचा सुगावा नियंत्रक देतो. चूक नेमकी कोठे हे शोधण्याचे गणित कर्नलमध्ये होते. चार चिन्हांपर्यंतच्या चुका त्यातून सुधारता येतात. समासात पहिले १४ बाइट या संकेताचे आणि त्यानंतर खराब ब्लॉकांच्या यादीची ओळखखूण, अशी मांडणी ठरलेली होती. स्थलांतरात यातील एकही बाइट जागेवरून हलून चालणार नव्हता.

आजचे लिहिलेले नव्हे, कालचे

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. नवा ड्रायव्हर लिहिला, त्याने चिपवर माहिती लिहून परत वाचली आणि ती जुळली, म्हणजे काम झाले असे नव्हे. तो स्वतःच्याच चुकीच्या मांडणीने लिहीत आणि त्याच चुकीच्या मांडणीने वाचत असेल, तर चाचणी नेहमीच उत्तीर्ण होईल. खरी परीक्षा जुन्या ड्रायव्हरने लिहिलेली पाने नव्याने वाचण्याची असते. त्यासाठी जाणकार आधी संपूर्ण चिपची, समासासह, जशीच्या तशी नक्कल काढून सुरक्षित ठेवतात आणि नंतर बाइटशः ताडून पाहतात.

मांडणी चुकल्यास घडते ते असे. नवा ड्रायव्हर समासातील भलत्याच बाइटना त्रुटिसुधार संकेत समजतो. गणित जुळत नाही. प्रत्येक पान दुरुस्तीपलीकडचे ठरते. त्याहून वाईट म्हणजे, खराब ब्लॉकांची यादी सापडली नाही तर ड्रायव्हर समासातील खुणा वाचून नवी यादी बनवू लागतो. काही नियंत्रकांच्या मांडणीत कारखान्याची खूण असते त्याच जागी मजकुराचे बाइट येतात. तेथे चांगले ब्लॉक खराब आणि खराब ब्लॉक चांगले ठरू शकतात. एवढ्यावर कोणी 'पुसून पुन्हा भरू' असा विचार केला, तर कारखान्याच्या खुणाही कायमच्या जातात.

आणखी एक सापळा कोऱ्या पानाचा आहे. पुसलेल्या पानातील सर्व बिट १ असतात. त्यातील एखादा बिट आपोआप पालटला तर ते पान कोरे न दिसता चुकांनी भरलेले भासते, कारण कोऱ्या पानावर संकेत लिहिलेलाच नसतो. वाचलेल्या पानात ० किती आहेत ते मोजून, मर्यादेत असतील तर ते कोरेच समजण्याची तरतूद ड्रायव्हरला करावी लागते. ही तरतूद राहून गेली तर दोष लगेच दिसत नाही. चिप जुनी होत जाते तशी महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार उगवते आणि मग तिचा संबंध स्थलांतराशी जोडणे कोणाला सुचत नाही.

म्हणून चाचण्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम चिपची ओळख बरोबर येते का. मग जुनी पाने वाचता येतात का. खराब ब्लॉकांची यादी पूर्वीइतकीच आहे का. मुद्दाम बिट पालटल्यास ते सुधारले जातात का. त्यानंतर राखीव भागावर लिहिणे-पुसणे. आणि शेवटी लिहीत असताना वीज तोडून यंत्र पुन्हा उभे राहते का. यासाठी एमटीडी विभागाची तयार साधने आहेत. चिपची नक्कल करणारा नँडसिम नावाचा आभासी ड्रायव्हरही कर्नलमध्ये आहे. त्यावर सामाईक भाग तपासता येतो. प्रत्यक्ष नियंत्रकाच्या खोडी मात्र प्रत्यक्ष यंत्रावरच कळतात.

मागे राहिलेले

सगळेच ड्रायव्हर कॅफेसारखे नशीबवान नसतात. चाचणी घ्यायला यंत्रच कोणाकडे नसेल आणि वर्षानुवर्षे कोणी चौकशीही केली नसेल, तर ड्रायव्हर काढून टाकला जातो. पामच्या ट्रिओ ६८० या फोनमध्ये वापरलेल्या डिस्क-ऑन-चिप जी४ या चिपचा ड्रायव्हर २०१८ मध्ये असाच वगळण्यात आला. २०२१ मध्ये टँगो या नियंत्रकाचा ड्रायव्हरही गेला. तो जुन्या आवृत्त्यांत सापडतो, पण नव्या कर्नलबरोबर ते यंत्र चालत नाही.

यात देखभाल करणाऱ्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. न तपासलेला ड्रायव्हर ठेवणे म्हणजे वापरणाऱ्याला खोटी खात्री देणे होय. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने पुढे येऊन 'मी तपासून सांगतो' असे म्हटले, तर असा ड्रायव्हर टिकू शकतो. अनेकदा त्यासाठी लागते ते एवढेच, की एखाद्याने कपाटातील जुने यंत्र काढून नवे कर्नल चालवावे आणि आलेला निकाल प्रामाणिकपणे कळवावा.

याहून मोठा वर्ग आहे तो मूळ संग्रहात कधीच न आलेल्या ड्रायव्हरचा. अनेक चिपनिर्माते आपला ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ संग्रहात न देता एका विशिष्ट आवृत्तीवर बसवून उपकरण-उत्पादकांच्या हवाली करतात. असा ड्रायव्हर त्या आवृत्तीशी जखडलेला राहतो. चौकट बदलली तरी त्याचे स्थलांतर कोणी करत नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही.

कारखानदाराने विचारायचे प्रश्न

नाशिकसारख्या औद्योगिक शहरात याला व्यावहारिक महत्त्व आहे. कारखान्यातील यंत्र पंधरा-वीस वर्षे चालेल, या हिशेबाने घेतले जाते. त्याच्या फलकातील संगणकाची कार्यप्रणाली तितकी वर्षे सुरक्षित राहील का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच निघतो. कोणत्या आवृत्तीचे कर्नल आहे, फ्लॅश नियंत्रकाचा ड्रायव्हर मूळ संग्रहात आहे की नाही, तो जुन्या चौकटीवर आहे की नव्या, आणि नवे कर्नल बसवताना जुनी साठवण वाचली जाईल याची चाचणी पुरवठादार घेतो का, हे चार प्रश्न लेखी विचारण्यास खर्च येत नाही.

ज्यांची उपकरणे युरोपात जातात त्यांना तर आता पर्याय उरलेला नाही. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षाविषयक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातील मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. डिजिटल भाग असलेल्या वस्तूंना विक्रीनंतरही सुरक्षा-सुधारणा पुरवणे त्यात बंधनकारक आहे. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर येऊ शकत नाही, त्याला अशी सुधारणा पुरवणे दिवसेंदिवस अवघड आणि महाग होत जाते.

खैरातच्या शाळेत २००७ मध्ये पोहोचलेले यंत्र आज कोणी उघडले, तर त्यातील फ्लॅश चिपवर एखाद्या मुलाचे चित्र अजून असू शकेल. ते वाचता येईल की नाही, हे चिपच्या आयुष्याइतकेच त्या १४ बाइटच्या संकेताचा अर्थ जाणणाऱ्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे. बागायतदार खुंट बदलतो तेव्हा घडाची चव तीच राहील याची काळजी घेतो. ड्रायव्हरचे कलम करणाऱ्यालाही तेवढेच पाहायचे असते, की काल लिहिलेले अक्षर उद्याही वाचता यावे.